सत्तेचाळीस नंबरचा खांब

बाबा,

सत्तेचाळीस नंबरचा खांब सापडला. दिल्लीबाहेर, हिंडन नदीच्या पलीकडे, एका बाईच्या स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या ओट्याला लागून तो फरशीतून कमरेइतका वर आलाय. त्याला भिंतीसारखाच आकाशी रंग दिलाय, डोक्यावर मिठाची बरणी ठेवलीय आणि आतल्या तारांवरच्या झाकणाच्या कडीत झारा नि चिमटा अडकवलाय. मी दारात उभी राहून पाच मिनिटं खोलीभर खांब शोधत होते आणि तो माझ्या समोरच होता. शेवटी बरणी उचलून बाजूला ठेवली, नखाने रंग खरवडला, तेव्हा खालून चार आणि सात हे आकडे दिसले. सात तुमच्या पद्धतीचा, मधून आडवी रेघ मारलेला.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात बोलणं कधी थांबलं नव्हतं. साइटवर काही अडलं की मी तुम्हालाच विचारायचे, आणि उत्तरही मिळायचं. गेले तीन आठवडे मात्र मी तुमच्याशी अबोला धरलाय. मेलेल्या माणसाशी अबोला धरण्यात काही अर्थ नसतो, त्याला ते कळतच नाही. म्हणून लिहितेय. शनिवारची दुपार आहे, मयूर विहारच्या आपल्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसलेय, आई आत झोपलीय. सोमवारी मला एका रिपोर्टवर सही करायची आहे. त्यातली एक ओळ अजून रिकामी आहे. पाइपलाइन ह्या ठिकाणी एवढी गंजेपर्यंत कुणाला कळलं कसं नाही, ह्याचं कारण त्या ओळीत लिहायचंय, आणि ते कारण एका माणसाच्या नावाचं आहे. कुठल्या माणसाच्या, ते मला ठरवायचंय.

आपण आर. के. पुरमला राहायचो तेव्हाचे रविवार मला आठवतात. क्वार्टर आईच्या नोकरीवर मिळालेलं, त्यामुळे शेजारीपाजारी सगळे मंत्रालयांतले बाबू, आणि त्यांच्यात तुम्ही एकटेच बुटांना माती लागलेले. आठवड्यात घेतलेलं एखादं रीडिंग तुम्हाला पटलं नाही की रविवारी सकाळी तुम्ही स्कूटर काढायचात आणि मला मागे बसवायचात. आई म्हणायची, लोक मुलीला इंडिया गेटला नेतात. तुम्ही मला शेतांच्या कडेने जाणाऱ्या पाइपलाइनवर न्यायचात. दर किलोमीटरला एक पिवळा खांब. तुम्ही झाकण उघडताय, आतल्या तारेला मीटरचा चिमटा लावताय, आणि मी बाटलीतलं पाणी खांबाच्या बुडाशी मातीवर ओततेय. ते माझं काम. ओल्या मातीवर तुम्ही हाफ सेल उभा धरायचात: वीतभर नळी, आत तांब्याची कांडी आणि मोरचुदाचं निळंशार पाणी. मोरचूद हा शब्द माझ्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हता, सगळे नीला थोथा म्हणायचे, त्यामुळे मला तो आपल्या दोघांच्या मालकीचा वाटायचा.

"लोकांना वाटतं नळी एकदा पुरली की झालं," तुम्ही सांगायचात. "जमीन लोखंड खात असते, बाळ. रोज खाते. म्हणून नळीला सतत थोडी वीज पाजत राहायची. ती पोचते की नाही, ते हा आकडा सांगतो. मायनस पॉइंट आठ पाचच्या पुढे असला तर नळी सुखरूप. अलीकडे राहिला, तर समज की खाणं सुरू झालंय." मग मीटरचा आकडा ठरेपर्यंत आपण दोघं श्वास रोखून उभे. तुम्ही तो मोठ्याने वाचायचात, मी परत म्हणायचे, आणि मगच तुम्ही रजिस्टरमध्ये लिहायचात. मी परत म्हटल्याशिवाय तुम्ही लिहीत नव्हता. मला त्याचा किती तोरा होता म्हणून सांगू.

आणि दहावीतली ती गोष्ट. ती मी आजवर किती जणांना ऐकवली असेल, नोकरीच्या इंटरव्ह्यूतसुद्धा सांगितली होती. ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. आमच्या टेबलावरच्या व्होल्टमीटरचा काटा अडकला होता, तास संपत आलेला, मी शेजारच्या मुलीची पाचही रीडिंग उतरवून घेतली आणि घरी येऊन आलेख काढला. बुधवारची संध्याकाळ आहे, तुम्ही ड्यूटीवरून येऊन चहा घेताय, माझी जर्नल सहज चाळताय, आणि एकदम कप खाली ठेवून म्हणताय, "ही रीडिंग तू घेतली नाहीस."

"घेतली, बाबा."

"नाही घेतलीस. पाचही ठिपके रेघेवर बसलेत. खरं रीडिंग इतकं शहाण्यासारखं वागत नाही, थोडं इकडेतिकडे होतंच. हे कुणीतरी आधी उत्तर ठरवून मग लिहिलंय."

म्हणजे त्या शेजारच्या मुलीनेही बनवूनच लिहिली होती, हे मला त्या क्षणी कळलं. पण हसायची सोय नव्हती. तुम्हाला इतकं संतापलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. जर्नल तुम्ही टेबलावर आपटलीत. "न घेतलेलं रीडिंग लिहिणारं माणूस मला माझ्या घरात नको," तुम्ही म्हणालात. आई मध्ये पडली, "अहो, पोर आहे, एक प्रयोग तर आहे." तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "पहिल्यांदा एकच असतो." दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तुम्ही मला स्वतः शाळेत नेलंत, गेटबाहेर स्कूटरला टेकून उभे राहिलात आणि म्हणालात, "जा. मॅडमना सांग. मी इथेच आहे." दहा मिनिटांनी मी बाहेर आले. तुम्हाला म्हटलं, मॅडम म्हणाल्या, उद्या पुन्हा करून आण. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तो हात बराच वेळ तिथेच होता. आणि संध्याकाळी तुम्ही स्वतःचा हाफ सेल, कातडी पिशवीसकट, माझ्या टेबलावर आणून ठेवलात. "मी ऑफिसातून दुसरा घेतो," म्हणालात, "हा आता तुझा."

त्या नळीपायी मी ह्या धंद्यात आले. गंजाचं शिक्षण घेतलं, ह्याच लाइनवर लागले, आता नोएडाच्या ऑफिसात बसून तुमच्यासारख्या माणसांनी आणलेले आकडे तपासते. हाफ सेल माझ्या टेबलावर असतो. नवीन पोरं विचारतात, मैडम ये क्या है, आणि मी त्यांना दहावीची गोष्ट सांगते.

आता पुढचं ऐका. आपली ती जुनी लाइन. तिच्यात आतून तपासणीचं यंत्र सोडायची सोय आत्ताआत्ता झाली. ते यंत्र नळीतून वाहत गेलं आणि त्याने सांगितलं की सत्तेचाळीसाव्या खांबापाशी नळीची भिंत पातळ झालीय. मला पटेना. त्या खांबाची रीडिंग उत्तम होती, मी स्वतः दर तिमाहीला त्यांवरून नजर फिरवत होते. म्हणून मी सगळी जुनी रजिस्टरं मागवली आणि आकडे एकाखाली एक मांडले. मायनस एक पॉइंट बारा, मग एक तेरा, एक अकरा, पुन्हा एक बारा. तुम्हाला सांगायला नको: मे-जूनमध्ये माती वाळते, आकडे घसरतात, पावसानंतर पुन्हा चढतात. सेहेचाळीस नंबर असाच चढउतार करतो, अठ्ठेचाळीसही. सत्तेचाळीसला उन्हाळा नव्हता की पावसाळा नव्हता. सगळे ठिपके रेघेवर. मी खुर्चीत मागे टेकून मोठ्यानेच म्हटलं, ही रीडिंग कुणी घेतलेलीच नाहीत. नेमकं तुमच्या आवाजात म्हटलं.

आधी राग आला तो त्या टेक्निशियनचा. तुमच्या हाताखाली शिकलेला, कंत्राटी, आता पन्नाशीचा. तुम्ही निवृत्त झाल्यापासून तो हा भाग बघतो. मी एकेक पान मागे उलटत गेले, त्याची चोरी कधीपासून आहे बघायला. आणि एका पानावर त्याचं अक्षर संपलं आणि तुमचं सुरू झालं. आकडे तेच राहिले. एक बारा, एक तेरा. मी आणखी मागे गेले. अकरा वर्षं, बाबा. मी कॉलेजात होते तेव्हा, मी ह्या विषयात पहिली आले आणि तुम्ही ऑफिसात पेढे वाटलेत तेव्हा, तुम्हाला अचूक नोंदींबद्दल ते प्रमाणपत्र मिळालं तेव्हाही. ते अजून इथेच भिंतीवर आहे, तुमच्या फोटोखाली. मी लिहितेय ती खुर्ची मी फिरवून घेतलीय.

मग आम्ही तिथे गेलो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते शेत होतं, आता गल्ल्या आहेत. साठीची बाई, पीठ मळलेले हात तसेच घेऊन बाहेर आली. पाइपलाइनवाले म्हटल्यावर आधी घाबरली आणि मग म्हणाली, "पहले तो मराठी साहब आते थे। वो अब नहीं हैं क्या?" मी म्हटलं, नहीं हैं. ती सांगत गेली. नवरा नुकताच गेला होता, दिराने वेगळं काढलं, तिने सहा महिने घालून ही खोली उठवली, खांब मध्ये आला तर त्याच्याभोवती उठवली. "साहब आए, देखते रह गए। मैंने हाथ जोड़ दिए। बोले, बहन, ये जगह सरकारी है, लिखना पड़ेगा मुझे। फिर बाहर चबूतरे पे बैठ गए। मैंने चाय दी। चाय पी, कागज पे कुछ लिखा और चले गए। फिर हर तीन महीने आते, वहीं बैठते, चाय पीते, लिखते। अंदर कभी नहीं आए। बड़े भले आदमी थे।"

फरशी घातलेल्या जागी हाफ सेल टेकवून खरा आकडा मिळत नाही, हे मलाही कळतं. रीडिंग घ्यायचं तर तिची फरशी फोडायला हवी होती, फरशी फोडायची तर खोली वर कळवायला हवी होती, आणि कळवली की पाडायला माणसं येणार. तुम्हाला ते बघवलं नाही. ठीक आहे. पण मग रिकामं सोडायचं होतं ना! रजिस्टरमध्ये 'खांबापर्यंत पोचता येत नाही' असं लिहायला एक रकाना असतो. तुम्हीच मला दाखवला होतात. तो लिहिला असता तर कुणीतरी विचारलं असतं, कदाचित खोली गेली असती, कदाचित लाइन थोडी वळवली असती. तुम्ही एक बारा लिहिलंत, आणि ऑफिसच्या लेखी तिथे सगळं कुशल झालं.

आम्ही फरशी फोडली. हातभर भोक पडल्यावर मी ओल्या मातीवर हाफ सेल ठेवला, तुमचाच, आणि आकडा आला मायनस पॉइंट सहा एक. दीड मीटर खणल्यावर नळी दिसली. आवरण सुटलेलं, आणि वरच्या बाजूला अंगठा बसेल एवढा खड्डा. मी अंगठा ठेवून बघितला. भिंतीची निम्म्याहून जास्त जाडी गेलेली होती. आत वायू, दाबाखाली. त्याच्या बरोब्बर वर दोन शेगड्यांचा गॅस, जिच्यावर ती बाई रोज नातवंडांसाठी पोळ्या करते. तुम्ही दया केलीत ती हिच्यावरच ना? मग तिला सांगितलंत का कधी की बहन, मी तुमच्या चुलीखालचं बघणं सोडून दिलंय? ती खड्ड्याच्या काठावर उभी राहून वाकून बघत होती. तिने मला विचारलं, "साहब को पता था, नीचे क्या है?" मी हो म्हणाले. ती पदराने हात पुसत राहिली. आता लाइन दुरुस्त झालीय, खोलीचं काय करायचं ते वरचे लोक ठरवतायत, आणि ती चबुतऱ्यावर गॅस मांडून स्वयंपाक करते. तुम्ही चहा प्यायला बसायचात त्याच जागी.

माझ्या साहेबांना हे प्रकरण सरळ वाटतं. "कॉन्ट्रैक्ट वाला झूठी रीडिंग भर रहा था, सिंपल है," ते म्हणाले. "एक लाइन लिखो, उसे हटाओ, फाइल बंद।" जुनी रजिस्टरं त्यांनी उघडलेली नाहीत. मी टेक्निशियनला एकट्याला बोलावलं. तो टोपी हातात धरून उभा. किती म्हटलं तरी बसेना. मी विचारलं, सत्तेचाळीसला कधी गेला होतात? तो म्हणाला, "मैडम, हमको बताया गया था कि सैंतालीस पे जाना नहीं है, वहाँ एक बारह के आसपास लिख देना है। तो लिखते रहे।" कुणी सांगितलं? त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. मी पुन्हा विचारलं. "छोड़िए मैडम। हटाना है तो हटा दीजिए। जिसने काम सिखाया, उसका नाम उसकी बेटी के सामने हम कैसे लें।" बाबा, मला त्या माणसाची लाज वाटली. म्हणजे त्याच्यासमोर माझी लाज वाटली. घरी दोन मुलं शिकतायत त्याची, आणि तो तुमच्यासाठी नोकरी घालवायला तयार आहे, तुम्ही त्याला खोटं लिहायला शिकवलंत म्हणून.

काल आईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, थांबली नाही. शेवटी म्हणाली, "तो कंत्राटी आहे ना? त्याला दुसरीकडे काम मिळेल. ह्यांना आता दुसरं नाव कुठून मिळणार?" मी म्हटलं, आई, तो निरपराध आहे. "निरपराध कसा? त्यानेही लिहिलंच की." मग शेंगांकडेच बघत, "त्या आठवड्यात हे जेवत नव्हते. मला वाटलं, पित्त झालंय." कुठल्या आठवड्यात, हे मी विचारलं नाही. मला ते त्याआधीच सापडलं होतं. हाफ सेलमध्ये नवीन मोरचूद भरलं की तुम्ही नळीवर पक्क्या शाईने तारीख घालायचात. मला दिलात त्या दिवशी भरून, तारीख घालूनच दिला होतात. ती तारीख इतकी वर्षं माझ्या टेबलावर माझ्याकडे बघतेय. रजिस्टरमधला सत्तेचाळीस नंबरचा पहिला एक बारा त्याच्या दोन दिवस आधीचा आहे, मंगळवारचा. मंगळवारी तुम्ही त्या चबुतऱ्यावर बसून पहिलं खोटं लिहिलंत. बुधवारी माझी जर्नल उघडलीत.

म्हणजे ते जर्नल आपटणं माझ्यासाठी नव्हतंच. मी त्या रागावर माझं अख्खं आयुष्य उभं केलं, आणि तो माझा नव्हता. तुम्ही माझ्यावर ओरडून मोकळे झालात, मला गेटपर्यंत नेलंत, आणि स्वतः तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन एक तेरा लिहिलंत. हाफ सेल बक्षीस म्हणून दिलात असं मी समजत होते. आता वाटतं, तुम्हाला तो हातात धरवत नव्हता. आईला ह्यात तुमचं दुःख दिसतं. मला दिसत नाही असं नाही, पण मला ते आत्ता बघायचं नाही. मला फसवल्यासारखं वाटतंय आणि ते मी तसंच वाटू देणार आहे.

ओळ मी मघाशीच लिहिली. 'खांब क्रमांक ४७ ची रीडिंग तत्कालीन सुपरवायझर, माझे दिवंगत वडील, ह्यांनी अकरा वर्षं प्रत्यक्ष न घेता नोंदवली. नंतरच्या टेक्निशियनने त्यांच्याच सूचनेवरून ती पुढे चालवली. नोंदी तपासताना हे माझ्याही लक्षात आलं नाही.' इंग्रजीत लिहिलीय, पण मजकूर हाच. सोमवारी सही करेन. प्रमाणपत्र भिंतीवरून काढायचं की नाही ते आईने ठरवावं. हे पत्र मी त्या कातडी पिशवीत, हाफ सेलच्या खाली घडी करून ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे पाठवणार?

एवढं सगळं तुम्हाला सुनावून झाल्यावर एक राहिलंय. त्या दिवशी तुम्ही गेटबाहेर उभे होता तेव्हा मी स्टाफरूममध्ये गेले. मॅडम डबा खात होत्या. त्यांनी वर बघून "हाँ, बोलो" म्हटलं, आणि मी विचारलं, मैम, कल का टेस्ट कौन से चैप्टर का है? त्यांनी सांगितलं. मग मी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थोडा वेळ थांबले, तुम्हाला खरं वाटावं म्हणून, आणि बाहेर आले. रीडिंग जर्नलमध्ये होती तशीच राहिली. दहापैकी नऊ मिळाले होते.